रंगीबेरंगी पेल्यांची भूल

स्वागत समारंभाचा मंडप गजबजलेला असतो. वधूवरांना भेटून व्यासपीठावरून खाली उतरलेले पाहुणे जेवणाकडे वळण्याआधी एका कोपऱ्यात थबकतात. तेथे काळे जाकीट घातलेला एक तरुण उंच काचेच्या पेल्यांत बर्फ भरतो, एका बाटलीतून आकाशासारखे निळे सिरप ओततो, दुसरीतून लालभडक, वर सोडा सोडतो आणि पेल्याच्या कडेला संत्र्याची चकती खोचतो. मुले टाचा उंचावून पाहत असतात. कुणाला ‘ब्ल्यू लगून’ हवे असते, कुणाला ‘सनराईज’. निळ्या पेल्याचा पहिला घोट घेऊन एखादी आजी विचारते, ‘‘अरे, हे कसले सरबत रे?’’ नातू म्हणतो, ‘‘निळे सरबत, आजी!’’

म्हणजे पेय कशाचे आहे ते सांगता येत नाही, रंग तेवढा सांगता येतो. हीच या पेयांची गंमत आहे आणि नेमका हाच त्यांचा धोकाही आहे.

लग्नातली ही पेये म्हणजे ‘मॉकटेल’. दारूत फळांचे रस, सिरप, सोडा मिसळून केले जाते ते कॉकटेल. त्यातून दारू वगळली की झाले मॉकटेल. दोघांची नावे बरेचदा सारखी, पेले सारखे आणि रंगही सारखेच. हे रंग आले कुठून, ते एकमेकांत न मिसळता थरांनी कसे उभे राहतात आणि त्यांच्याआड काय काय लपू शकते, हे समजून घेतले तर पार्टीची मजा कमी होत नाही. उलट ती निर्धास्तपणे लुटता येते.

संत्र्याचा रंग निळा!

निळ्या पेयांचा उगम शोधत गेले तर पोहोचावे लागते कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव या छोट्या बेटावर. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात तेथे संत्र्याची झाडे नेली. पण त्या कोरड्या हवेत आणि रुक्ष जमिनीत संत्री इतकी कडू निपजली की, ती खाण्याच्या लायकीची राहिली नाहीत. पुढे लक्षात आले की, या कडू फळाच्या वाळवलेल्या सालीला मात्र अप्रतिम सुगंध असतो. त्या सालीपासून गोडसर मद्य बनू लागले आणि बेटाचेच नाव त्याला मिळाले. हे मद्य मुळात रंगहीन असते. त्याची चव संत्र्याची. निळा रंग त्यात वरून घातला जातो तो केवळ डोळ्यांसाठी.

या निळ्या कुरासावला जगभर नाव मिळवून देण्यात हवाई बेटांचा मोठा हात आहे. १९५७ साली वायकिकी येथील एका मोठ्या हॉटेलात हॅरी यी नावाचे बारमन काम करीत होते. बोल्स या डच मद्य कंपनीच्या प्रतिनिधीने त्यांना विचारले, ‘आमचे निळे कुरासाव वापरून एखादे नवे पेय तयार कराल का?’ यींनी रम, व्होडका, अननसाचा रस, आंबटगोड मिश्रण आणि निळे कुरासाव एकत्र करून पेय बनवले. त्याला नाव दिले ‘ब्ल्यू हवाई’. याच नावाचा एल्व्हिस प्रिस्लेचा चित्रपट आला तो त्यानंतर, १९६१ साली. समुद्राचा रंग पेल्यात उतरलेला पाहून पर्यटक खूश झाले. आज भारतातल्या लग्नात मिळणारे ‘ब्ल्यू लगून’ हे याच निळाईचे बिनदारूचे भावंड आहे. त्यातले सिरप दारूविरहित असते. पण चव तीच संत्र्याच्या सालीची आणि रंग तोच वरून घातलेला.

लाल रंगाची कुळकथा

लाल रंगाची हकिकत आणखी मजेदार आहे. ‘ग्रेनेडिन’ हे लाल सिरप जवळजवळ प्रत्येक बारमध्ये असते. फ्रेंच भाषेत ‘ग्रेनाद’ म्हणजे डाळिंब. हे सिरप मूळचे डाळिंबाच्या रसाचे. पण आज बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा बाटल्यांत डाळिंबाचा अंशही नसतो. असते ती साखर, आंबटपणासाठी आम्ल, कृत्रिम स्वाद आणि लाल रंग. नाव डाळिंबाचे, गाव मात्र प्रयोगशाळेचे!

इटलीच्या ‘कॅम्पारी’ या लालबुंद कडू मद्याची गोष्ट तर शाकाहारी कुटुंबांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. १८६० साली जन्मलेल्या या मद्याचा लाल रंग अनेक दशके एका किड्यापासून मिळवला जाई. निवडुंगावर जगणारे कोचिनील नावाचे हे किडे वाळवून त्यांच्यापासून ‘कार्माइन’ हा रंग काढतात. २००६ च्या सुमारास कंपनीने बऱ्याच ठिकाणी हा रंग वापरणे बंद केले. २०१२ साली अमेरिकेत स्टारबक्सच्या स्ट्रॉबेरी पेयात हाच रंग असल्याचे उघड झाल्यावर शाकाहारी ग्राहकांनी आवाज उठवला आणि कंपनीला टोमॅटोपासून काढलेल्या रंगाकडे वळावे लागले. परदेशी राहणाऱ्या किंवा तेथून सिरपच्या बाटल्या आणणाऱ्या मंडळींनी लेबलावर ‘ई १२०’ हा क्रमांक दिसला तर ओळखावे की, हा रंग त्या किड्याचा आहे.

डोळ्यांनी घेतलेली चव

रंगाचा एवढा आटापिटा कशासाठी? कारण माणूस आधी डोळ्यांनी पितो, जिभेने नंतर. याचा सुरेख पुरावा फ्रान्समधील बोर्दो येथील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केला. त्यांनी वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली. त्यातल्या काही पेल्यांतील वाइनला चवगंध नसलेल्या रंगाने लाल केले होते. वाइन तीच; पण लाल पेल्यातल्या वाइनचे वर्णन करताना विद्यार्थ्यांनी लाल वाइनसाठी वापरले जाणारे शब्द वापरले. वाइनचा अभ्यास करणाऱ्यांच्या नाकालाही रंगाने चकवले, तर सामान्य माणसाची काय कथा?

लाल सरबत गोड असणार, हिरवे थंडगार असणार, पिवळे आंबट असणार, असे मनाने आधीच ठरवून टाकलेले असते. निळ्या रंगाचे फळ मात्र आपल्या रोजच्या खाण्यात नाही. म्हणूनच निळ्या पेल्याचे कुतूहल सर्वांत जास्त वाटते आणि लहान मुलांचा हात सर्वांत आधी तिकडेच जातो.

थर कसे बसतात?

खाली लाल, मध्ये केशरी, वर पिवळा असा ‘सनराईज’ पाहून वाटते की, यात मोठी जादू आहे. प्रत्यक्षात हा शाळेतल्या विज्ञानाचा धडा आहे. जड द्रव खाली बसतो, हलका वर राहतो. सारख्या वजनाची साखर आणि पाणी घेऊन केलेला पाक पाण्याच्या जवळजवळ सव्वापट जड असतो. संत्र्याचा रस पाण्यापेक्षा किंचितच जड. दारूतील अल्कोहोल पाण्याहून बरेच हलके. म्हणूनच गोड सिरप तळाला जाते, रस मध्ये राहतो आणि कडक मद्य वर तरंगते.

‘टकीला सनराईज’ या पेयात हेच घडते. आज जे रूप सर्वांना परिचित आहे ते कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटो गावच्या ‘ट्रायडेंट’ या उपाहारगृहात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आकाराला आले. १९७२ च्या दौऱ्यात रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाच्या मंडळींनी ते उचलून धरले आणि ते गाजले. टकीला व संत्र्याचा रस भरलेल्या पेल्यात ग्रेनेडिन सोडले की, ते तळाशी जाते आणि तेथून वर येणारी लाली उगवत्या सूर्याची आठवण करून देते.

थर नीट बसवायचे असतील तर चमचा उलटा धरून पेल्याच्या आतल्या कडेला टेकवावा आणि द्रव त्याच्या पाठीवरून हळूहळू सोडावा. धार जोरात पडली तर थर मोडतात. भरपूर बर्फ असला तर धारेचा जोर आपोआप कमी होतो.

रंगाआड लपलेली दारू

इथवरची सारी गंमत. पण घरातील वडीलधाऱ्यांनी सावध व्हावे अशी गोष्ट पुढेच आहे. साखर, फळांचा रस आणि रंग यांची संगत मिळाली की, दारूचा उग्रपणा जिभेला जाणवत नाही. ‘लाँग आयलंड आइस्ड टी’ या पेयाचा रंग अगदी थंड चहासारखा असतो, नावातही चहा आहे. पण त्यात चहाचा थेंबही नसतो. त्यात व्होडका, रम, जिन, टकीला आणि संत्र्याचे मद्य अशी पाच मद्ये असतात. प्रत्येकी १५ मि.लि. धरली तरी ७५ मि.लि. होतात, म्हणजे ६० मि.लि.च्या मोठ्या पेगपेक्षाही जास्त. पिणाऱ्याला वाटते, आपण एकच तर पेला घेतला!

गोड, रंगीत, बाटलीबंद दारूपेयांकडे तरुण मुले ओढली जातात, हे पाहून काही देशांनी त्यांच्यावर खास कर बसवले. जर्मनीने २००४ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २००८ मध्ये हे पाऊल उचलले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले की, आरोग्याला पूर्णपणे निर्धोक असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. आपल्याकडे दारू पिण्याचे कायदेशीर वय प्रत्येक राज्यात वेगळे आहे. महाराष्ट्रात कडक दारूसाठी ते २५ वर्षे आहे. गुजरात आणि बिहारमध्ये तर दारूबंदीच आहे. वाहन चालवणाऱ्याच्या १०० मि.लि. रक्तात ३० मि.ग्रॅ.हून जास्त अल्कोहोल सापडले तर तो गुन्हा ठरतो. आणि १८ वर्षांखालील मुलाच्या हाती दारू देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

म्हणून ज्या समारंभात दोन्ही प्रकारची पेये असतील तेथे यजमानांनी काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. मॉकटेल आणि कॉकटेल यांची टेबले वेगळी आणि एकमेकांपासून लांब असावीत. दोन्हींचे पेलेही वेगवेगळ्या आकाराचे असावेत. मुलांना पेला आणून देण्याचे काम घरातल्या एका जबाबदार माणसाकडे सोपवावे. पाहुण्यांनीही ‘यात काय आहे?’ असे विचारण्यात संकोच मानू नये. विशेषतः गरोदर स्त्रिया, औषधे चालू असलेले रुग्ण, गाडी चालवून घरी जाणारे आणि व्रतस्थ मंडळी यांना हे विचारण्याचा पुरेपूर अधिकार आहे. खाली ठेवून गेलेला पेला परत उचलू नये, हा नियम तरुण मुलामुलींना घरातूनच सांगून ठेवावा.

पेल्यातून धूर काढण्याची टूमही अशीच. ती द्रवरूप नायट्रोजनने किंवा कोरड्या बर्फाने साधतात. नायट्रोजनचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते. २०१२ साली इंग्लंडमधील एका १८ वर्षांच्या मुलीने वाढदिवसाला असे पेय घेतले आणि तिचे जठर शस्त्रक्रियेने काढून टाकावे लागले. धूर निघत असलेला पेला मुलांच्या हाती कधीच देऊ नये.

बाटलीतला रंग

दारू नसली म्हणजे सारे निर्धास्त, असेही नाही. भारतात खाद्यपदार्थांत मोजक्याच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि बहुतेक पदार्थांत त्यांचे प्रमाण दहा लाख भागांत १०० भागांपेक्षा जास्त असता कामा नये. सीलबंद बाटलीवर रंगाचा क्रमांक छापलेला असतो. १०२ म्हणजे टार्ट्राझीन हा पिवळा, ११० म्हणजे सनसेट यलो हा केशरी, १२२ म्हणजे कार्मोइसीन हा लाल आणि १३३ म्हणजे ब्रिलियंट ब्ल्यू हा निळा. गृहिणींनी हे चार क्रमांक लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम भागते.

२००७ साली इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे झालेल्या अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांचे मिश्रण दिल्यावर मुलांचा चंचलपणा वाढल्याचे दिसले. परिणाम प्रत्येक मुलात सारखा नव्हता. तरीही २०१० पासून युरोपात असे सहा रंग असलेल्या पदार्थांवर मुलांच्या लक्ष देण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापावी लागते. पेल्यावर ठेवण्याच्या लालभडक चेरीत वापरला जाणारा एरिथ्रोसिन हा रंग अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये खाद्यपदार्थांतून हद्दपार करण्याचा निर्णय घेतला. उत्पादकांना बदलासाठी मुदत देण्यात आली.

खरा धोका मात्र सुट्या, नाव नसलेल्या रंगांचा. ‘रोडामाइन बी’ हा कापड रंगवण्याचा गुलाबी रंग साखरेच्या कापसात सापडल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूने त्याच्या विक्रीवर बंदी घातली. त्यानंतर कर्नाटकनेही रंगीत कापसाविरुद्ध कारवाई केली. पुडीतला सुटा रंग कितीही स्वस्त असला तरी तो स्वयंपाकघरात आणू नये. केटररशी बोलणी करताना जेवणाच्या पदार्थांबरोबरच सिरपच्या बाटल्याही पाहून घ्याव्यात.

आणखी एक हिशोब साखरेचा. सिरपच्या ३० मि.लि.मध्ये साधारण २० ग्रॅम साखर असते. वर गोड लिंबू सोडा घातला की, ती आणखी वाढते. बाहेरून घातलेली साखर मोठ्या माणसाने दिवसाकाठी ५० ग्रॅमच्या आत आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. मुलाने असे दोन पेले रिचवले तर काय होते, ते वेगळे सांगायला नको.

घरच्या घरी चार रंग

मग मुलांच्या वाढदिवसाला रंगीत पेये करायचीच नाहीत का? अवश्य करावीत. लाल, गुलाबी, निळा, हिरवा हे सारे रंग परसात आणि स्वयंपाकघरात आहेतच.

लाल सूर्योदय : एक वाटी डाळिंबाचा रस आणि एक वाटी साखर मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत ढवळावे. उकळी फुटू देऊ नये. लहान चमचाभर लिंबाचा रस घालून गार करावे. पेल्यात बर्फ व पाऊण पेला संत्र्याचा रस भरावा. उलट्या चमच्यावरून दीड मोठा चमचा डाळिंबाचा पाक कडेने सोडावा. ढवळू नये. हेच खरेखुरे ग्रेनेडिन!

निळा-जांभळा चमत्कार : गोकर्णाची निळी फुले सर्वांनी पाहिली असतील, काही भागांत त्यांना अपराजिता म्हणतात. थायलंडमध्ये या फुलांचे सरबत घरोघरी केले जाते. फवारणी न केलेली १५ ताजी फुले धुऊन, हिरवे देठ काढून, कपभर गरम पाण्यात दहा मिनिटे झाकून ठेवावीत आणि गाळून गार करावे. पेल्याच्या तळाशी दोन मोठे चमचे साखरेचा पाक व एका लिंबाचा रस मिसळून घालावा. पेला बर्फाने भरून अर्ध्यापर्यंत साधा सोडा ओतावा आणि वरून हळूच निळे पाणी सोडावे. निळा रंग लिंबापाशी पोहोचताच जांभळा होतो. ढवळले की गुलाबी छटा येते. फुलातील रंगद्रव्य आम्लात रंग बदलते, हे मुलांना डोळ्यांदेखत दाखवता येते. गरोदर स्त्रियांनी मात्र हे पेय डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

गुलाबी कोकण : दहा-बारा आमसुले कपभर पाण्यात दोन तास भिजवून, कुस्करून गाळावीत. चार मोठे चमचे साखर, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चवीपुरते काळे मीठ घालावे. आमसुले मुळात खारट असल्यास मीठ बेताने घालावे. हे मिश्रण पेल्यात तिसऱ्या हिश्शापर्यंत भरून बर्फ घालावा आणि उलट्या चमच्यावरून पातळ नारळाचे दूध सोडावे. खाली गडद लाल, वर पांढरे आणि मधल्या सीमेवर सोलकढीची ओळखीची गुलाबी छटा दिसते. हे पेय करून लगेच द्यावे.

हिरवी कैरी : मूठभर पुदिन्याची पाने गरम पाण्यात दहा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावीत. त्यामुळे हिरवा रंग टिकतो. ही पाने, उकडलेल्या एका कैरीचा गर, साखर, वेलदोडा व पाणी मिक्सरमधून फिरवून गाळावे. आंबटपणामुळे पुदिन्याचा हिरवा रंग काही वेळाने मळकट पडतो, म्हणून हे पेय आधीपासून करून ठेवू नये. पाहुणे आल्यावरच फिरवावे.

हे रंग बाटलीतल्या रंगांइतके भडक दिसणार नाहीत. डाळिंबाचा लाल थोडा काळसर असतो, गोकर्णाचा निळा प्रत्येक वेळी थोडा वेगळा येतो. साखरही यात आहेच, तेव्हा पेले लहान ठेवावेत. पण एक फरक फार मोठा आहे. या वेळी आजीने ‘हे कसले सरबत रे?’ असे विचारले, तर नातवाला उत्तर देता येईल, ‘‘आपल्या कुंपणावरच्या गोकर्णाचे, आजी!’’ ज्या पेल्याबद्दल असे उत्तर मिळते तो खुशाल ओठाला लावावा. ज्याबद्दल मिळत नाही तो कितीही सुंदर असला, तरी आधी विचारावे आणि मगच उचलावा.